सत्कार कमी करा, कात्रणं बाहेर काढा

मागच्या अंकात मी विचारलं होतं की छोट्या शहरातल्या ग्रंथपालांच्या संघटना कार्यक्रम कसे घेतात ते कळवा. त्यावर आलेली बहुतेक पत्रं माध्यम ग्रंथपालांची निघाली, म्हणजे वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात बसणारे, चॅनेलची टेप लायब्ररी सांभाळणारे, पत्रकारितेच्या कॉलेजात फोटो-व्हिडिओ जपणारे लोक. मी स्वतः २२ वर्षं सोलापुरात एका दैनिकाच्या संदर्भ विभागात कात्रणं लावलीत, त्यामुळे ही पत्रं वाचताना आपलीच माणसं बोलतायत असं वाटलं. सोलापूर जिल्ह्यातली पत्रं यावेळी घेतलीत, बाकीची पुढच्या वेळी.

प्रश्न: मी एका दैनिकाच्या संदर्भ विभागात एकटीच आहे. आमच्या जिल्ह्यात माध्यम ग्रंथपालांची छोटी संघटना आहे, सभासद ३८. यावर्षी मला सचिव केलंय. मागच्या वार्षिक कार्यक्रमाला सभासद आले फक्त ९, बाकी खुर्च्या पाहुण्यांबरोबर आलेल्या लोकांनी भरल्या. हॉल मोठा, खर्च मोठा आणि शेवटी आमच्यातलंच कुणी नाही. यंदा काय वेगळं करू? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मला आमचा एक जुना कार्यक्रम आठवला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा, आणि मग वाचनसंस्कृतीवर भाषण, जे ऐकायला समोर सगळे ग्रंथपालच, म्हणजे ज्यांना ते सांगायची गरजच नाही असे लोक. माझ्या शेजारी एक बाई बसलेल्या, त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडं श्रीलिपी फॉन्टमधल्या जुन्या फायली कशा उघडता हो?" आम्ही दोघं उठून जिन्यात गेलो आणि चाळीस मिनिटं तिथंच बोलत उभे राहिलो, थोड्या वेळानं अजून तिघं आले. त्या दिवसाचं मला आजही जे आठवतं ते जिन्यातलं बोलणं, आत स्टेजवर कोण काय बोललं ते काहीच आठवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते जिन्यातलं बोलणं आत हॉलमध्ये आणा, तोच कार्यक्रम.

आपलं काम एकट्याचं असतं. शाळेत शिक्षक दहा असतात, बातमीदार पंधरा असतात, संदर्भ विभागात मात्र एक माणूस, फार तर दोन. अडलं तर विचारायला शेजारी कुणी नाही. म्हणून कामाला उपयोगी पडणारं काही मिळणार असेल तर माणूस सुट्टी टाकून येतो, नुसता हार घालायला येत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

तर पहिलं काम म्हणजे ३८ जणांना फोन करा. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकू नका, त्यावर अंगठे येतात फक्त. फोनवर एकच विचारा, या महिन्यात तुमच्याकडं कुणी काय मागितलं जे तुम्हाला सापडलं नाही? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात वहीत लिहून घ्या. आठ-दहा फोन झाले की तेच तेच यायला लागेल, आणि जे तीनदा आलं तो तुमच्या कार्यक्रमाचा विषय.

मला अंदाज आहे काय येईल. पहिलं येणार फॉन्ट. युनिकोड रुळायच्या आधी आपली सगळी मराठी पानं श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये लागलेली आहेत, ती फाइल आज उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, आणि दुष्काळ असा शब्द टाकून शोधलं तर एकही बातमी येत नाही, जरी आत शंभर असल्या तरी. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत पण रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते, जोडाक्षरं फुटतात. हे एकट्यानं घरी बसून सुटत नाही, पण वीस जण पेनड्राइव्हवर प्रत्येकी पाच फायली घेऊन आले आणि एका मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर त्या बदलून बघितल्या तर कुठला कन्व्हर्टर कुठं चुकतो त्याची यादी दुपारपर्यंत तयार होते. ती यादी टाइप करून सगळ्यांना द्या, असा कागद कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

दुसरं येणार नावं. सोलापूरचं जुनं इंग्रजी स्पेलिंग शोलापूर, १९३० चा मार्शल लॉ शोधायचा तर जुन्या इंग्रजी कागदात शोलापूर म्हणूनच शोधावं लागतं. आपलं विद्यापीठ २००४ ला सोलापूर विद्यापीठ म्हणून सुरू झालं, नंतर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव लागलं. शेजारचं उस्मानाबाद आता धाराशिव. मग कात्रणाच्या पाकिटावर काय लिहायचं? जुनं पाकीट बंद करून नवीन सुरू करायचं की एकात दोन्ही ठेवायची? मी नेहमी नवीन नावाखाली सगळं आणायचो आणि जुन्या नावाच्या जागी एक कार्ड ठेवायचो, अमुक नावाखाली पहा म्हणून. पण दुसरे लोक वेगळं करतात आणि त्यांचीही कारणं पक्की असतात, त्यावर तासभर वाद झाला तरी होऊ द्या. सोलापुरात तर तेलुगू, कन्नड, उर्दू नावंही येतात, एकाच माणसाचं आडनाव चार पद्धतीनं छापलेलं असतं. पूर्व भागातलं कुणी तेलुगू जाणणारं सभासद असेल तर त्या सत्राला त्यांनाच पुढं बसवा.

तिसरं टेप. व्हीएचएस, यू-मॅटिक, बीटाकॅम असल्या जुन्या व्हिडिओ टेप घरात पडून आहेत आणि लावायला मशीन नाही. युनेस्को आणि आयासा या ध्वनी-चित्र संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९ मध्ये मॅग्नेटिक टेप अलर्ट नावाचा प्रकल्प काढला होता, त्यातला इशारा असा की २०२५ च्या आसपास टेप वाजवायची यंत्रंच मिळेनाशी होतील आणि मग टेप चांगली असूनही आतलं कायमचं गेलं. ते साल आलंच. तर तुमच्या ३८ जणांमध्ये कुणाकडं कुठलं मशीन चालू स्थितीत आहे आणि ते दुरुस्त करणारा कारागीर कोण, एवढी एक वही जरी त्या दिवशी तयार झाली तरी मी तो कार्यक्रम मोठा मानेन.

जागेचं म्हणाल तर हुतात्मा स्मृती मंदिर आपल्या सगळ्यांचं लाडकं आहे पण पंचवीस माणसांसाठी घेऊ नका, रिकाम्या खुर्च्या बघूनच लोकांचं मन उतरतं. कुणाच्या तरी कामाच्या जागीच घ्या, एकदा दैनिकात, एकदा कॉलेजात, जमलं तर एकदा आकाशवाणीला विचारून बघा. यजमान सभासदानं आधी अर्धा तास आपली खोली फिरून दाखवायची, कपाटं, पाकिटं, बाइंडिंगचे खंड, कुठं वाळवी लागली होती ते सुद्धा. दुसऱ्याची खोली बघणं हे आपल्या धंद्यात सगळ्यात मोठं शिक्षण आहे.

आणि एक, जे सगळेच विसरतात. तुमचा सभासद आला नाही याचं कारण बऱ्याचदा असं असतं की तो गेला तर विभागाला कुलूप लागतं आणि साहेब सोडत नाहीत. म्हणून कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी संघटनेच्या लेटरहेडवर त्याच्या संपादकांना किंवा प्राचार्यांना पत्र पाठवा, आणि त्यात निमंत्रण नका लिहू, ऑफिसला काय मिळणार ते लिहा. आपल्या २००५ पूर्वीच्या पानांमध्ये शब्द शोधता यावा यासाठीचं प्रशिक्षण, असं एक वाक्य असलं की सही होते. मला स्वतःला दोनदा असंच सोडलंय.

प्रश्न: तारीख कुठली धरावी? कुठलीही धरली तरी कुणाचं तरी काहीतरी असतंच. (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर: असतंच, खरंय. तुमच्याकडं आषाढी-कार्तिकी, आमच्याकडं गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक असतो, त्याच्या आधी १२ जानेवारीला सोलापूरच्या फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचा दिवस, आणि या सगळ्यासाठी पुरवणीवाले जुने फोटो मागायला आपल्याच दारात उभे असतात, तर जानेवारीचा पहिला पंधरवडा सोडूनच द्या. ६ जानेवारीला दर्पण दिन, पत्रकारांचे स्वतःचे कार्यक्रम असतात. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर, बाहेरगावच्या माणसाला बोलवायची हिंमत होत नाही. दिवाळीच्या आधीचा महिना दिवाळी अंकांचा, फोटो-संदर्भ शोधून डोळे जातात.

मला दोन वेळा आवडतात. एक, जानेवारी अखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा, बारावीच्या परीक्षा सुरू व्हायच्या आधी, कारण त्या सुरू झाल्या की कॉलेजचे लोक अडकतात. दुसरी, ऑगस्ट. १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन, पण त्याच दिवशी नका घेऊ, त्या दिवशी प्रत्येकाला आपल्या संस्थेत हजर राहावं लागतं, पुढचा शनिवार घ्या. २७ ऑक्टोबर हा दृकश्राव्य वारशाचा जागतिक दिवस आहे, १९८० साली त्याच तारखेला युनेस्कोनं चलत-चित्रांच्या जतनाची शिफारस मंजूर केली होती, टेपवाल्यांसाठी तो दिवस फार छान, फक्त दिवाळी कुठं पडते ते कॅलेंडर बघून घ्या.

वेळ सकाळची, साडेनऊ ते दीड. दैनिकात चारनंतर मागण्या सुरू होतात आणि पान सुटेपर्यंत थांबत नाहीत, संध्याकाळी ठेवलेला कार्यक्रम म्हणजे दैनिकवाल्यांना येऊ नका सांगण्यासारखं आहे.

प्रश्न: स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर विकणारी एक कंपनी पूर्ण खर्च द्यायला तयार आहे, बदल्यात ४५ मिनिटं भाषण आणि सभासदांची फोन नंबरची यादी मागते. घ्यावं का? आमच्याकडं शिल्लक फारच कमी आहे. (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर: यादी देऊ नका. तो विषय तिथंच संपवा, लोकांनी नंबर संघटनेला दिलेत, कंपनीला नाही.

पैसे घ्यायला हरकत नाही पण भाषणाऐवजी त्यांना काम द्या. तुमच्याकडचं सगळ्यात वाईट पान काढा, खिळ्यांच्या छपाईचं, शाई पसरलेलं, मधोमध घडी पडलेलं, आणि म्हणा हे आमच्यासमोर स्कॅन करून त्यातला मजकूर काढून दाखवा. ते कितीही चांगलं बोलले तरी सगळ्यांना खरं काय ते पंधरा मिनिटात कळतं, आणि माल चांगला असेल तर त्यांचाही फायदाच आहे. आम्ही एकदा नुसतं भाषण ऐकून एकाकडून काम करून घेतलं होतं, नंतर बघतो तर जोडाक्षरांची पार वाट लागलेली आणि करारात मराठी अचूकतेबद्दल एक ओळ नव्हती, सहा महिन्यांचं काम परत करावं लागलं.

आणि पूर्ण खर्च एकाकडून घेऊच नका, थोडी तरी वर्गणी सभासदांची असू द्या, अगदी २०० रुपये जरी ठेवले तरी माणूस नाव देऊन गायब होत नाही. पावती लगेच द्या. तुमची संघटना धर्मादाय कार्यालयात नोंदलेली असेल तर अजून एक बघा, कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यायचा असतो, तो राहिला असेल तर बँकेत सह्या बदलताना अडचण येते आणि नेमकं कार्यक्रमाच्या तोंडावर पैसे निघत नाहीत.

प्रश्न: कार्यक्रमात १९७२ च्या दुष्काळाचे आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे आमच्या दैनिकातले फोटो मोठे करून प्रदर्शन लावायचं ठरवलंय. फोटो आमच्याच फोटोग्राफरनी काढलेत म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही ना? (एक वाचक, अशोक चौक)

उत्तर: आहे, आणि बरं झालं आधी विचारलं. कॉपीराइट कायदा १९५७, त्याचं कलम १७ असं सांगतं की दैनिकाच्या नोकरीत असलेल्या माणसानं काढलेल्या फोटोचा हक्क वर्तमानपत्रात-मासिकात छापण्यापुरता मालकाचा, बाकी सगळ्या बाबतीत काढणाऱ्याचा, वेगळा करार झाला नसेल तर. प्रदर्शन हे छापणं नाही. म्हणजे तुम्हाला दैनिकाचीही परवानगी हवी आणि फोटोग्राफरची किंवा त्यांच्या घरच्यांचीही. आणि साठ वर्षं झाली की फोटो मोकळा असं अजून बरेच जण धरून चालतात, तसं आता नाही, २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही काढणाऱ्याचं आयुष्य अधिक ६० वर्षं असा हिशोब आहे. सही नसलेल्या बातमीचं वेगळं, तिथं छापल्यापासून ६० वर्षं मोजतात, म्हणून १९३० च्या दशकातल्या बिननावाच्या बातम्यांची पानं बिनधास्त लावा.

घाबरून प्रदर्शन रद्द करू नका. त्या फोटोग्राफरकाकांच्या घरी जा, साधं एक पानी पत्र, कुठले फोटो, किती दिवस, कुठं, फोटोखाली नाव येणार, एवढं लिहून सही घ्या. मी अशा सह्या घ्यायला गेलोय, लोकांना पत्राचा राग येत नाही, उलट इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारायला आलं म्हणून डोळ्यात पाणी येतं आणि आतून निगेटिव्हचा डबा बाहेर येतो. तो डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजा फिल्म आतून सडायला लागलीय, ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा आणि आधी तिचं स्कॅनिंग करा.

किल्लारीबद्दल एक विनंती, कायद्याच्या पलीकडची. त्या फोटोंमध्ये मृतदेह आहेत, रडणारे चेहरे आहेत. ती माणसं किंवा त्यांची मुलं आज आपल्या आसपास राहतात, सोलापुरात कामाला येतात. संग्रहात सगळं जपा, एकही निगेटिव्ह टाकू नका, पण भिंतीवर लावताना चेहरा ओळखू येणारा फोटो टाळा. पडलेल्या घरांचे, मदतीच्या रांगांचे फोटोही पुरेसं सांगतात.

प्रश्न: जेवणात काय ठेवावं? (एक वाचक, बाळीवेस)

उत्तर: शेंगाची चटणी, कडक भाकरी, एखादी पातळ भाजी, दही. बाहेरगावच्यांना तेच हवं असतं, आणि उरलेली कडक भाकरी बांधून देता येते, टिकते. फक्त जेवण संग्रहाच्या खोलीत नको, तेलाचा हात कात्रणाला लागला की डाग जात नाही.

प्रश्न: पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय बघायला सहल काढली तर एका दिवसात होईल का? (एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर: होते. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं, संध्याकाळी त्याच गाडीनं परत. हे संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, पी. के. नायर यांनी ते अक्षरशः एकेक डबा गोळा करून उभं केलं. पण आधी पत्र देऊन परवानगी घ्या, आणि कॅटलॉग आणि साठवणीचं काम बघायचंय असं पत्रात स्पष्ट लिहा, नाहीतर नुसती पोस्टर बघून परत याल. पंधराच्या वर माणसं नेऊ नका, मागच्यांना ऐकू येत नाही. जाताना प्रत्येकानं आपला एक प्रश्न कागदावर लिहून न्यायचा आणि परतीच्या गाडीत उत्तरं वाचायची, चार तास असतात हाताशी.

प्रश्न: आमच्या संघटनेला पुढच्या वर्षी २५ वर्षं होतात. स्मरणिका काढायचीय पण आधीच्या कार्यक्रमांचे फोटो, पत्रकं, काहीच एकत्र नाही. जे फोटो आहेत त्यात कोण कोण आहे ते सांगता येत नाही. सगळ्यांना फार वाईट वाटतंय. (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर: वाईट वाटण्यासारखंच आहे, आपण जगाचं जपतो आणि आपलं राहून जातं, आमच्याकडंही हेच झालं होतं. पण २५ वर्षं म्हणजे फार नाहीत, बहुतेक माणसं हयात आहेत, अजून जमेल.

पुढच्या कार्यक्रमातच एक टेबल यासाठी लावा. जुन्या सभासदांना सांगा घरातलं जे असेल ते घेऊन या, निमंत्रणपत्रिका, बिल्ले, पावत्या, फोटो, काहीही. तिथंच स्कॅन करा आणि मूळ लगेच परत द्या, ठेवून घेतो म्हटलं की लोक देत नाहीत. शेजारी एक माणूस फक्त नावं लिहायला बसवा, डावीकडून उजवीकडे कोण, साल, जागा. ज्याला आठवत नाही त्याच्याशेजारी दुसरा म्हातारा सभासद बसवा, दोघं मिळून आठवतात.

आणि इथून पुढं फोटो व्हॉट्सॲपवर नुसते पाठवू नका, तिथं फोटो लहान होतो आणि त्याच्या आतली तारखेची माहितीही जाते, पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कार्यक्रम झाला त्याच रात्री फोटोंना नावं द्या, फाइलच्या नावात आधी साल मग महिना मग दिवस मग जागा, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. एक प्रत सचिवाच्या कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, तिसरी दुसऱ्याच कुणाच्या घरी, नाहीतर सचिव बदलला की सगळं त्याच्याबरोबर जातं.

सगळ्यात आधी मात्र तुमच्या पहिल्या सचिवांचं घर गाठा. ते नसतील तर त्यांच्या घरच्यांना भेटा, माळ्यावर एखादी ट्रंक किंवा पुठ्ठ्याचं खोकं असतंच, इतिवृत्ताच्या वह्या बऱ्याचदा त्यातच असतात. दिवाळीची साफसफाई सुरू व्हायच्या आत जा, एकदा रद्दीवाला येऊन गेला की काही उरत नाही.